मालकिणीच्या वडिलांचं संत्रं

आबा, तिने मला ‘सर’ म्हटलं, तिथेच सगळं बदललं. गेली दोन वर्षं ती मला ‘ए’ म्हणायची, ‘गाढवा’ म्हणायची, फोनवर रडताना एकदा ‘राजा’सुद्धा म्हणाली होती. काल सकाळी मात्र वर न बघता म्हणाली, “सर, आपण वर रूममध्ये जा. इथलं मी साफ करते.” मला आपण! 

तुम्हाला ती माहीत असायचं कारण नाही, तुम्ही गेलात तेव्हा मी सातवीत होतो. हॉटेल मॅनेजमेंटला आम्ही एका वर्गात होतो. मी ते मध्येच सोडलं. प्रॅक्टिकलला सर म्हणाले, ट्रे धरून कमरेतून वाका, ओठांवर हसू ठेवा. मला तुम्ही दिसलात. मी ट्रे आपटला आणि जो निघालो तो थेट गुजरातच्या सीमेवरच्या आपल्या सामरवरणीला, सुताच्या कंपनीत पॅकिंगला लागलो. ती म्हणाली, “डोकं गरम करून पोट भरत नाही रे.” तिने कोर्स पुरा केला आणि ट्रेनिंगसाठी तिला इथे पाठवलं, थायलंडला, फुकेत नावाच्या बेटावरच्या जुन्या गावात. मालकीण आता तिला कायमची ठेवून घ्यायला बघतेय. ती म्हणाली, तू एकदा ये, बघ, मग ठरवू. मी परत यायचं की तू कोर्स पुरा करून इकडे यायचं. म्हणून आलो. एकट्याने येण्याची हिंमत नव्हती, म्हणून शिफ्टमधल्या तिघांना घेऊन आलो. तिथेच चुकलं.

गाव चांगलं आहे आबा, मला किळस आली ती गावाची नाही. रंगवलेली जुनी दुमजली घरं, समोरून अरुंद, आत बोगद्यासारखी लांब, मध्ये आभाळ दिसेल असा चौक. कथलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी लोकांनी बांधलेली, पोर्तुगीज धाटणीची म्हणतात. पोर्तुगीज आपल्याकडेही होते, पण आपल्या चर्चसमोर कोणी फोटोला उभं राहत नाही. इथे लोक दुसऱ्याच्या उंबऱ्यावर बसून फोटो काढतात, आत म्हातारी भाजी चिरत बसलेली असते. आमचे तिघे तर उघड्या अंगाने फिरले. स्वस्तातली सहल म्हणजे काय ते आमच्याकडून शिकावं. एका खोलीत सहा पलंग, पंख्याला वाळत घातलेल्या चड्ड्या, बेसिनमध्ये भिजवलेल्या शेवया, आणि दहा रुपड्यांसाठी फळवालीशी अर्धा तास हुज्जत. हुज्जत घालताना हसायचं, तिची नक्कल करायची. ती बिचारी पण हसते. ते हसणं मी ओळखतो.

शनिवारी तुम्ही वेटर होतात त्या बारवर गुजरातमधून गाड्या भरून यायच्या. तिकडे दारूबंदी, आपल्याकडे हवी तेवढी. एकदा मी तुमचा डबा घेऊन आलो होतो. बर्फाला उशीर झाला म्हणून एकाने शेंगदाण्यांची बशी उडवली. “बरफ क्यां छे, काका? ऊंघी गया के शुं?” झोपलात की काय, असं विचारत होता, आणि टेबलवरचे सगळे खिदळले. तुम्ही गुडघ्यांवर बसून दाणे वेचत होतात आणि म्हणत होतात, “काही नाही शेठ, होतं असं.” घरी जाताना मी रस्त्यातले दगड लाथाडत होतो. तुम्ही म्हणालात, “चप्पल तुटेल. हे बघ, मला जो माणूस वाटतो त्याला मी भाऊ म्हणतो. बाकी सगळे शेठ.” आणि स्वतःशीच हसलात. मी हसलो नाही. मला त्यांची किळस आली होती, आणि खरं सांगू, थोडी तुमचीपण.

तर काल. ती काउंटरवर होती. तळमजल्यावर मालकिणीचं देवघर आहे, लाल रंगाचं, त्यात तिच्या वडिलांचा फोटो, उदबत्ती, चहाचे तीन इवलेसे पेले आणि बशीत एक संत्रं. आम्ही बाहेरून आलो, तिघे बुटांसकट आत. ती म्हणाली, “दादा, बूट बाहेर काढा ना, प्लीज.” एक म्हणाला, “भाभी, अपनेच लोग आहोत ना!” दुसरा म्हणाला, “वहिनी, दारू कुठे स्वस्त ते सांगा. तुमच्या सासरी तर नळाला येते!” मीपण हसलो. तेवढ्यात तिसऱ्याने बशीतलं संत्रं उचललं, सोललं, साली तिथेच फरशीवर टाकल्या आणि बाकावर बसलेल्या माझ्या हातावर एक फोड ठेवली. “खा रे, फुकटात आहे.” मी खाल्ली.

मला कळलं नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. आखाजीला आई तुमच्या नावाची घागर भरते. वर खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. तुम्ही जेवल्याशिवाय आम्ही कोणी घास घेत नाही. लहान भावाने त्या आंब्याला हात लावला म्हणून मी त्याच्या मुस्काटात मारली होती. मूळच्या खानदेशी पोराला फोटोपुढचं फळ कोणाचं असतं ते सांगावं लागतं का? परक्याचा बाप होता म्हणून खाल्लं, दुसरं काही नाही.

मालकीण मागून आली. रिकाम्या बशीकडे बघत नुसती उभी राहिली. काउंटरवरून ती धावत आली, मालकिणीपुढे हात जोडून वाकली, तिच्या भाषेत काहीतरी बोलली, मग माझ्या पायाशी बसून साली गोळा करायला लागली. आणि तेव्हा म्हणाली, “सर.”

नंतर जिन्यात मी तिला गाठलं. 

“एका संत्र्यासाठी?”

“संत्र्याचं काय घेऊन बसलास? तू हसलास.”

“अगं, ते तिघे...”

“त्या तिघांशी मला संसार करायचा नव्हता. मी इथेच राहतेय. मालकिणीला हो म्हणून आलेय. तू जा परत.”

वर येऊन मी त्या संत्रं सोलणाऱ्याची बॅग लाथेने खोलीभर फिरवली, त्याची कॉलर धरली. तो म्हणाला, “अबे, मी सोललं, तू गिळलंस ना?” मी कॉलर सोडली. आता दुपार आहे, तिघे बिअर पिऊन आडवे झालेत, तोंडं उघडी, आणि मी फोनवर हे तुम्हाला लिहितोय. रात्रभर मी त्यांनाच शिव्या घालत होतो. पण ती खाली बसून साली वेचत होती ना, तेव्हा मी पाय उचलले, आबा. तिला पुसायला सोपं जावं म्हणून, साहेबासारखे. आणि क्षणभर मला बरं वाटलं. कोणीतरी माझ्यापुढे वाकलंय, मी गिऱ्हाईक आहे. ज्या मुलीवर जीव टाकतो, तिच्यापुढे. ही घाण मला त्यांच्याकडून लागलेली नाही, ती माझ्यातच होती, पासपोर्ट निघायची वाट बघत.

हे पाठवायला तुमचा नंबर नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तुम्ही मला शेठ म्हणाला असतात.

बॅग भरलीय. या खोलीत आता झोप येणार नाही मला. खाली मालकीण चौकात बसलेली असेल. तिची भाषा मला येत नाही, पण वाकता येतं की नाही ते तरी बघतो. तिच्या वडिलांपुढेच वाकेन आधी. त्याने आमचं काही जुळणार नाही, ती तोंडातून निघालेलं मागे घेणारी नाही, मला माहीत आहे. तरी जाताना ती काउंटरवर असावी, तिने बघावं, असं वाटतंय. एवढं कबूल करतो. त्या तिघांतला एक जागा झालाय, “कुठे चाललास रे हिरो? येताना बर्फ आण.” बाहेर पडतोय. दार बाहेरून ओढून घेतलं.