आईचा पेपर

शनिवार, १४ मार्च, दुपार

चि. धाकट्यास,

ताईचा आशीर्वाद. आम्ही दोघी ठीक. आईचा खोकला गेला, गुडघा तेवढा कुरकुरतोय. इस्त्रीची गिऱ्हाइकं वाढलीत, त्यामुळे तिचा पारा चढलेला असतो. फोन सोडून पत्र कशाला, असं वाटेल तुला. फोनवर तू मध्येमध्ये बोलतोस, आणि मग मी खोटं बोलते.

मागे विचारलंस, माझा प्रौढांचा वर्ग कसा चाललाय. बंद झाला. आमचा वॉर्ड शंभर टक्के साक्षर झाला म्हणून सरकारी पाटी लागली, आणि साक्षरांना कसला वर्ग? फळा, खडू, सतरंज्या, सगळं गोदामात परत गेलं. साक्षरता कार्यालयातल्या साहेबांनी माझा सत्कार केला. मला तिथे उभं राहवत नव्हतं. आताही दोन ओळी लिहिते की उठून खिडकीशी जाते.

मंगळवारी तुझं पत्र आलं. आईच्या नावाचं. तिने ते दिवसभर इस्त्रीच्या टेबलावर ठेवलं, संध्याकाळी माझ्यापुढे धरलं. "वाच."

अरे, तिला वाचता येत नाही. माझ्या वर्गात बसून तिने मिळवलेल्या प्रमाणपत्राचा फोटो तू मित्रांना दाखवत फिरलास, पण तिचा परीक्षेचा पेपर मी लिहिला. परीक्षेच्या दिवशी ती तापाने फणफणली होती. साहेब म्हणाले, "गैरहजर एकही नको, मॅडम. आकडा आधीच वर कळवलाय." मग तिचा आणि आणखी सहा जणांचा पेपर मी लिहिला, डाव्या हाताने, म्हणजे अक्षर नवशिक्याचं दिसेल. तिला सांगितलं, वहीवरून मार्क दिले. तिचं अर्धं पुस्तक अजून व्हायचं होतं.

तर तुझं पत्र. "फोन ताईच उचलते म्हणून लिहितोय. ती तुझ्यावर डाफरते, मी ऐकलंय. माझ्याकडे राहायला येतेस का? ताईला दाखवू नकोस. तुझ्या हाताने उत्तर लिही." हे मी वाचत होते, तिच्यासमोर बसून. आणि मोठ्याने काय वाचलं? मी बरा आहे, इथे थंडी आहे, तब्येतीला जप.

"दोन पानांत एवढंच?" ती म्हणाली.

"अक्षर मोठं आहे त्याचं," मी म्हटलं.

डाफरते मी, खरं आहे. पण ती गेली तर या घरात मी कोणावर डाफरू? एवढं कबूल करायला मला चार दिवस लागले.

आज सकाळी राहवलं नाही. इस्त्री बंद करायला लावली आणि तुझं पत्र शब्दन् शब्द वाचलं. पेपरचंही सांगितलं. वाटलं, कडाडेल. ती शर्टाची कॉलर नीट करत राहिली. मग म्हणाली, "नापास झाले असते, तर माझी मी झाले असते. तेवढंही ठेवलं नाहीस."

मी वही-पेन घेतलं. म्हटलं, सांग, काय लिहू त्याला? जातेस की नाही?

"तुला नाही सांगणार. परत माझ्या नावाने तूच काहीतरी लिहिशील. त्याला बोलव. तोंडावर सांगेन."

तेव्हापासून ती खाली मान घालून इस्त्री फिरवतेय आणि मी आतबाहेर करतेय. बाकी सहा जणांचं सोमवारी कार्यालयात जाऊन सांगणार आहे. सत्कार घेतला, आता जोडे खाईन.

तू ये. रजा मिळो न मिळो, ये. तिचं उत्तर मला खरंच माहीत नाही. बॅग भरायची झाली तर मी भरून देईन. रडणार नाही, असं मात्र लिहून देत नाही.

तुझी
ताई