एकाच देवकाची

१० फेब्रुवारी
लागलो एकदाचा कामाला. तळवड्यात, दोन्ही बाजूंना प्रेस मशीन धडधडतायत आणि मधल्या बंद शेडमध्ये चक्क समुद्र आहे! खारं पाणी, मोठाल्या निळ्या टाक्या, त्यांत कोळंबी. मास्तरची कॉलर धरून कॉलेज सोडलं तेव्हा आप्पा म्हणाले होते, आता ढोरं राख. कोळंब्या राखतोय. नोकरी दिपालीनंच लावली. ती लॅबमध्ये बसते आणि लॅबची काच माझ्या टाक्यांसमोरच आहे. अजून काय पाहिजे राव?

१७ फेब्रुवारी
इथलं काम म्हणजे सोयरिकी जमवणं. दिपाली समजावते: तळ्यात पोसलेल्या कोळंब्या दोन-चार आयांच्याच लेकी. भराभर वाढतात, पण रोग आला की सगळ्या एकदम जातात. समुद्रातून धरून आणलेल्यांचं प्रत्येकीचं रक्त वेगळं, म्हणून काही तगतात. दोन्हींचा मेळ घालायचा. कोण कुठल्या घरातली हे कळायला डोळ्याच्या देठात बारीक रंगीत कडी. शेडवरचे जुने कामगार, गावठाणातले उद्धवराव, त्या रंगाला देवक म्हणतात. पिवळं देवक, लाल देवक. एका देवकाची जोडी लावायची नाही, हा इथला कायदा. सुपरवायझर रणजीतला सगळे वधूवर मंडळ म्हणतात.

३ मार्च
दिपालीच्या घरून लग्नाला नकार. कारण पगार नव्हे, शिक्षण नव्हे. देवक! दोघांच्याही घराण्याचं कळंबाचं झाड. तिचे काका फोनवर म्हणाले, बहीणभाऊ लागता तुम्ही. डोक्यात सणक गेली. तिला म्हटलं पळून जाऊ. ती लॅबमध्ये निघून गेली.
वर उद्धवराव समजूत घालायला आले. “एक देवक म्हंजी एक रगत, पोरा. वाडवडील येडे न्हवते.”
ते वळल्यावर पिवळ्या कडीचा नर उचलला आणि पिवळ्या कडीच्या मादीजवळ सोडला. बघूच कुठलं आभाळ कोसळतं ते.

२४ मार्च
काही कोसळलं नाही. पिल्लं तरतरीत, मर जवळजवळ नाहीच. मोठी झाली की दिपालीला दाखवणार, म्हणणार, सांग काकांना. तिच्यासाठी सोमवार धरलेत.

३० एप्रिल
बाकी टाक्यांत खाणं टाकलं की झुंबड उडते. माझ्या पिवळ्यांच्या टाकीत सगळ्या एकदम वळतात. शेजारच्या टाकीतल्या समुद्राच्या माद्या पलीकडच्या कडेला दाटून बसल्यात, इकडे येतच नाहीत.
पिवळ्यांतली एक बादलीत काढून बाहेर फाटकापाशी नेली आणि काडीनं टोचली. परत आलो तर टाकीपाशी दिपाली. आत्ता सगळ्या एकदम उसळल्या म्हणे, काय केलंस?
हसलो. बादली हातातच होती.

३० मे
रणजीतनं टाकी पकडली. त्यानं शिव्या दिल्या, मीही दिल्या. सगळं मारून टाकायचा हुकूम.

२ जून, सोमवार
मारलं, पण फेकवेना. उद्धवरावांनी झणझणीत रस्सा केला, सगळी शेड जेवली. उरला तो फ्रीजरमध्ये. दिपालीनं दोनदा वाढून घेतलं. मला चिडवत होती, बस कोरडा, महादेवाचा नंदी. मी केळी खाल्ली.

४ जून
रणजीतनं कान खाजवला. त्याच क्षणी उद्धवरावांनी. काचेपलीकडे दिपालीनं.
योगायोग असेल.

५ जून
नाही. घास एकदम उचलतात. पापण्यासुद्धा —
रणजीतचं बोट पत्र्यानं कापलं. ओरडली दिपाली. लॅबमध्ये, दार बंद असताना.

७ जून
शेडमध्ये कुणी कुणाशी बोलत नाही. गरजच नाही त्यांना. मी आत शिरलो की सगळ्या माना वळतात — दिपालीची पण. तिला इथून काढलं पाहिजे. आधी तिला.

८ जून
चिंचवड स्टेशन, भरदुपार. बाकावर वही गुडघ्यावर धरून लिहितोय. पळून जाऊ म्हटलं, लगेच हो म्हणाली. इतक्या सहज —
लोकल आली. ती उठली नाही. माझा हात धरला, कित्येक महिन्यांत पहिल्यांदा. डबा उघडला. फ्रीजरमधला रस्सा.
“तू एकटाच परका राहिलायस रे. खा. मग कुणी आपल्याला बहीणभाऊ म्हणणार नाही.”
फोन वाजला. रणजीत. तेच शब्द, त्याच सुरात. तिचे ओठ त्याच्याबरोबर हलत होते.
दुसरी लोकल लागलीय. एकटा चढू शकतो. अजून चढू शकतो.
तिनं घास ओठाशी आणलाय. डोळ्यांत पाणी आहे. तिचं आहे का ते? कुठेतरी आत तीच असेल, तर तिला तिथं एकटी कशी —

तिखट.
तिचा हात ऊबदार. तिला भीती वाटत होती, आता कळलं. आता न्हाई वाटत. रणजीतचं बोट ठणकतंय आपलं. लोकल गेली. जाऊ दे, पोरा. आमी बरं हाय. आमी समदी —