माझ्या नावाची पाटी

२ फेब्रुवारी
हरित गाव समितीचा अध्यक्ष म्हणून आजपासून रोजनिशी. शाळेच्या रस्त्याला लावलेले निंब प्रत्येकाने एकेक दत्तक घेतले. झाडापुढे ज्याच्या-त्याच्या नावाची पाटी. कल्पना अर्थातच माझी. अख्ख्या संग्रामपूर तालुक्यात क्लायमेट चेंज समजलेला माणूस मी एकटाच. उद्यापासून पहाटे पाचला पाणी.

३ फेब्रुवारी, सकाळी ९
थंडी फार. झाडालाही गार पाणी बाधलं असतं.

१७ मार्च
माझं झाड पिवळं. शेजारचं वच्छलाबाईचं हिरवंगार. बाई भाजी धुतलेलं पाणी कॅनमध्ये भरून नेते. मी तिला ग्लोबल वॉर्मिंग समजावलं. तर म्हणे, भगवानभाऊ, झाडाले भाषण नाही, पाणी लागते. असल्या लोकांमुळेच पृथ्वी तापते.

१९ एप्रिल
झाडाची काडी झाली. रोपच बोगस होतं. पर्यावरण दिनाला जिल्ह्याचे साहेब येणार. ज्याचं झाड साहेब निवडतील तो पुढचा अध्यक्ष, असं मीच ठरावात घातलं होतं. बायकोला सांगितलं तर हसली. तिच्याशी बोलणं बंद.

२० एप्रिल, दुपारी २
रस्त्यावर चिटपाखरू नाही. माझी आणि वच्छलाबाईची पाटी अदलाबदल केली. याला चोरी नाही, मॅनेजमेंट म्हणतात. बाई सवयीने आपल्याच झाडाला पाणी घालणार. नाव माझं.

९ मे
तिकडे फिरकलो नाही. ऊन मरणाचं. वच्छलाबाई रोज कॅन घेऊन जाताना ओट्यावरून दिसते. राबू दे. भाषण लिहायला घेतलं.

५ जून
कडक इस्त्री करून गेलो. साहेब माझ्या पाटीपाशी थांबले. मागे नुसता वाळलेला खुंट. शेजारी वच्छलाबाईच्या पाटीमागे माझी जुनी काडी, बुडातून हातभर फुटलेली. मेलेलं झाड जगवलं म्हणून साहेबांनी अध्यक्ष तिलाच केलं.

बाजूला घेऊन तिला विचारलं, जुन्या झाडाचं पाणी का तोडलं. म्हणे, तुम्ही पाट्या उपटून राह्यले होते तवा मी शाळेच्या ओसरीतच बसून होती. चार दिवस जीव तुटला माहा. पण त्याच्यावर तुमचं नाव, तुमच्या झाडाले मी काऊन हात लावू.

मला घाम फुटला. ऊन फार होतं.

नव्या अध्यक्षांचा पहिला ठराव: ज्याची पाटी, त्याचंच पाणी. साहेबांसमोर अनुमोदन मलाच द्यावं लागलं. उद्या पहाटे पाचला त्या मला उठवायला येणार आहेत. बायकोने आत्ताच कॅन भरून दारात ठेवली.