चाके मी बसवली होती

मी, खाली सही करणारी, वय वर्षे चोपन्न, व्यवसाय चष्म्याचे दुकान, लिहून ठेवते की आज माझी बुद्धी शाबूत आहे, औषधाची गुंगी नाही आणि कोणाची जबरदस्तीही नाही. अक्षर वेडेवाकडे आले, तर त्यावरून मला कोणी वेडी ठरवू नये. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, कारण मरण माझ्या ध्यानीमनी नव्हते. अकरा दिवसांपूर्वी ते समोर दिसले.

१. घर आम्हा दोघांच्या नावावर आहे. त्यातला माझा निम्मा हिस्सा माझ्या पतीला. दुकान, काचा घासायच्या यंत्रासह, लेकीला. चालवावे की विकावे हे तिचे तिने ठरवावे. बँकेतली शिल्लक आईच्या औषधपाण्याला.

२. धाकट्या भावाला काही देत नाही. मी गाडी घेतली तेव्हा "ताई, बाईमाणसाला एवढी दमदार गाडी झेपायची नाही," असे तो चारचौघांत म्हणाला होता. खाली जे लिहिले आहे ते मी बाई असल्यामुळे घडलेले नाही, आळसामुळे घडले आहे. हे त्याला कोणीतरी वाचून दाखवावे.

३. गाडी. मी घेतली तेव्हा नऊ वर्षांची, दोन मालकांच्या हातून आलेली. दिसायला साधी, चार दारांची. पण पायाचा जरा भार पडला की पाठ सीटला चिकटते. पाच वर्षे तिच्यात जीव ओतला. सस्पेन्शन बदलले, एक्झॉस्ट बदलला, दर रविवारी बोनेट उघडून बसले. लेक म्हणायची, "आई, गाडीचं ऑइल कधी बदललं ते तुला पाठ असतं, माझी परीक्षा कधी ते मात्र मलाच विचारतेस." सगळे काम मला गॅरेजवाल्या मास्तरांनी शिकवले, तेही कधी आवाज न चढवता.

गेल्या महिन्यात रुंद चाके आणली आणि घरीच बसवली. मास्तरांनी फोनवर विचारले, "ताई, स्टिअरिंग दोन्हीकडे पुरतं वळवून बघितलंत ना? चाक ब्रेकच्या नळीला घासत नाही ना?"

"बघितलं," मी म्हणाले. बघितले नव्हते. दुकान उघडायची वेळ झाली होती.

आईला डॉक्टरांना दाखवून परतताना, टेकडीच्या उतारावर, ब्रेकचे पेडल पार खाली गेले. घासून घासून नळी फाटली होती. उरलेल्या ब्रेकने वेग आवरेना. पुढे वळण, आणि वळणावर रस्ता ओलांडणारी माणसे. शेजारी बसलेली आई म्हणाली, "अगं, हळू." तिला वाटले, मी नेहमीसारखीच चालवते आहे. मी गिअर खाली आणले, हँडब्रेक ओढला आणि गाडी कठड्याला घासत नेली. कठडा आईच्या बाजूला होता. हे मी समजून उमजून केले. गाडी थांबली तेव्हा आईच्या मांडीवर काचा होत्या आणि ती माझा हात शोधत होती. तिच्या दंडाला नऊ टाके पडले.

४. दुसऱ्या दिवशी माझे पती गॅरेजात गेले. मीही सोबत होते. चाके मास्तरांनीच बसवली असे धरून त्यांनी गिऱ्हाइकांसमोर मास्तरांना नाही नाही ते ऐकवले. मास्तर माझ्याकडे वळून म्हणाले, "ताई, या चाकांना मी हात लावला होता का?"

"मला नीट आठवत नाही," मी म्हणाले.

त्यानंतर आमच्या इमारतीतल्या दोघांनी आपल्या गाड्या त्यांच्याकडून काढून घेतल्या. मी खुर्चीत बसले तरी उजवा पाय आपोआप फरशी दाबतो. पण त्याहून मोठी धास्ती ही, की मी अशीच गेले तर माझे खोटे कायमचे खरे होऊन बसेल. म्हणून हा कागद.

५. चाके मी बसवली होती. मास्तरांचा काडीचाही दोष नाही. जुनी चाके त्यांच्याच हातून परत बसवल्याशिवाय आणि घेणाऱ्याला कलम तीन वाचायला दिल्याशिवाय गाडी कोणाला विकू नये. माझे नट आवळायचे पाने आणि जॅक मास्तरांना, त्यांनी घेतले तर.

६. हे सर्व आज दुपारी पतींना वाचून दाखवले. त्यांनी कागद घेऊन कलम चार स्वतः पुन्हा वाचले.

"तू तिथेच उभी होतीस," ते म्हणाले.

"हो."

"मी त्या माणसाला काय काय बोललो, ते ऐकत होतीस."

"हो."

त्यांनी चपला घातल्या. मी म्हटले, "मीपण येते."

"आत्ता नको."

गॅरेज दहा मिनिटांवर आहे. त्यांना जाऊन सव्वा तास झाला. फोन घरीच राहिला आहे. जिन्यात पाऊल वाजले की मी दाराकडे बघते. ते परत आल्यावर माझ्याशी बोलतील की नाही, मला माहीत नाही. वरचा एकही शब्द खोडावा असे मात्र वाटत नाही. साक्षीदार येऊन बसले आहेत. त्यांच्यादेखत सही करते.

(सही)

साक्षीदार: १. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिका (सही)
२. टाके बघायला आलेले आईचे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहते घर, जेवणाचे टेबल
मंगळवार, तारीख सतरा, दुपारचे साडेचार