वजा एक इंच

३ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पाकीट बघूनच तू ओळखलं असशील की मशीनचं काहीतरी बिनसलंय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस आणि मी तुझं ऐकून घेत नाही, म्हणून मशीनचा विषय फक्त पत्रातच काढायचा, हा आईने घालून दिलेला नियम मी निमूट पाळते आहे.

ग्राफिक्स कार्ड गेलं. वृद्धाश्रमाच्या नव्या दालनाचं चित्र फिरवत होते, तेवढ्यात पडद्यावर जांभळ्या-हिरव्या पट्ट्या आल्या आणि मग सगळं काळं झालं. दुकानात नेलं तर दुकानदाराने कार्ड नाकाला लावून हुंगलं आणि एखादी वाईट बातमी द्यावी तशी मान हलवली.

ऑफिस सोडल्यावर हाताशी आलेलं हे पहिलं मोठं काम, हे तुला ठाऊक आहे. महिनाअखेरच्या शुक्रवारी तिथल्या आजी-आजोबांना दालनातून फिरवून आणल्यासारखं चित्र दाखवायचं आणि त्यांचं मत घेऊन काम कुणाला ते ठरायचं. समोर दुसरा स्पर्धक कोण, तर माझंच जुनं ऑफिस.

दुकानदार म्हणतो, नवी मॉडेलं दोन-तीन महिन्यांत येतायत, आत्ता जुन्या पिढीतलं घेणं म्हणजे वेडेपणा. मलाही ते पटतं. घ्यायचं तर एकदाच चांगलं घ्यावं. तात्पुरतं काहीतरी खोचून अर्धवट चित्र दाखवण्यापेक्षा या कामातून माघार घ्यावी आणि पुढच्या कामाला नव्या कार्डानिशी उभं राहावं, असं मनात आहे. तुझं मत कळव. थोडक्यात कळवलंस तर जास्त आवडेल.

मामीला नमस्कार. माया आहे तशीच असू दे.

तुझी,
मिरी


७ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

कार्ड गेल्याचं वाईट वाटलं. आश्चर्य मात्र वाटलं नाही. मागे आलो होतो तेव्हा तुझ्या कॅबिनेटची जाळी बोटाने पुसून पाहिली होती. बोटावर जे आलं त्यात एक उशी भरून झाली असती. तेव्हा बोललो तर तू चहा आणायला निघून गेलीस.

थोडक्यात लिहायला सांगितलं आहेस. जमेल तेवढं थोडक्यात लिहितो.

नवी मॉडेलं येणार हे खरं. ती नेहमीच येणार असतात. मी तुझ्या आजोबांच्या, म्हणजे आमच्या अप्पांच्या, दुकानात शिलाई मशीन उघडून बसायचो तेव्हाही नवी येणार होती, पुढे रेडिओंच्या वेळी येणार होती आणि आता कॉम्प्युटरच्या धंद्यातही तेच. कुठल्या वर्गात न बसता, हात काळे करून मी जे शिकलो त्यातलं हे पहिलं. आल्या आल्या ती मिळत नाहीत, मिळायला लागतात तेव्हा परवडत नाहीत आणि परवडतात तोवर लोक पुढच्याच्या गोष्टी करायला लागलेले असतात. दुकानदाराचं काय जातं? त्याला थांबलेलं गिऱ्हाईक आणि घेणारं गिऱ्हाईक दोन्ही लागतात, गप्पांना एक आणि गल्ल्याला एक.

दुसरं असं की, तू ‘तात्पुरतं’ हा शब्द शिवी दिल्यासारखा लिहिला आहेस. पाय मोडल्यावर कुबडी घेतात ती तात्पुरतीच असते. पण ती काखेला बरोबर लागावी लागते, आखूड घेतली तर चांगला पायही कामातून जातो. तात्पुरत्या वस्तूचं माप जास्त काटेकोर घ्यावं, कारण तिच्याकडून जे हवं ते आत्ताच हवं असतं.

तेव्हा माघार वगैरे नंतर. आधी मशीन बंद कर, वायर काढ, झाकण उघड. कार्ड जिथे बसतं त्या मागच्या पट्टीपासून पुढे हार्ड डिस्कच्या पिंजऱ्यापर्यंत किती इंच मोकळे आहेत ते मोज. अंदाजे नको, मोज. पॉवर सप्लायवरचा छापील कागद जसाच्या तसा उतरवून पाठव आणि सहा टोकांची एखादी वायर रिकामी लोंबते आहे का तेही पाहा. तुझी कॅबिनेट बुटकी आहे. दिसायला छान म्हणून घेतली होतीस, आता ती दाखवेल काय ते.

ताईला सांग, मी बरा आहे. उत्तर लगेच टाक आणि मला जीव लावतेस तसा जाळीलाही थोडा लाव.

तुझा,
मामा


११ फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

थोडक्यात लिहिल्याबद्दल आभार. आईने ते मोठ्याने वाचलं, आणि उशीच्या जागी जरा जास्तच मोठ्याने.

झाकण उघडलं. अप्पांच्याच टेपने मोजलं, तोच आपला एकपासून सुरू होणारा. मोकळी जागा साडेनऊ इंच. सहा टोकांची वायर एक आहे, प्लॅस्टिकच्या पट्टीने कोपऱ्यात बांधून ठेवलेली. पॉवर सप्लायवरचा मजकूर सोबतच्या चिठ्ठीवर आहे, टिंबासकट.

माघारीचा विचार अजून गेलेला नाही, पण तू म्हणतोस तर पाहू. जाळी पुसली आहे. माया कमी करू नकोस.

तुझी,
मिरी


११ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

मिरीच्या पाकिटात हेही घालते आहे, तिने चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून साधलं. तिने तुला अर्धंच लिहिलंय. तिच्या जुन्या साहेबांचा फोन आला होता. तिची खुर्ची अजून रिकामी ठेवली आहे म्हणाले आणि महिनाअखेरीस काय ते कळवा म्हणाले. माणूस वाईट नाही, प्रेमाने बोलला, तेच अवघड झालंय. हे काम सोडलं की ती तिकडे परत जाणार, हे मी तुला लिहून देते. मग पुन्हा बाहेर पडायची नाही.

घर घेतल्यापासून, जुनं कार्ड चालू होतं तेव्हाही, हेच पाहते आहे. पडदे नवं कार्ड आल्यावर लावू, खुर्ची नवं कार्ड आल्यावर बघू. कार्ड न झालं, मुहूर्त झाला. खोकी अजून भिंतीला लावून ठेवली आहेत आणि ही त्यातल्याच एका खोक्यावर बसून जेवते.

तू तिला चांगल्यातलं काहीतरी लवकर पाठव. आणि कुबडीचं उदाहरण ठीक होतं, पण तुझा पत्रातला आवाजही फोनइतकाच मोठा येतो, हे थोरल्या बहिणीच्या अधिकाराने सांगते. प्रकृतीला जप, आठवण ठेव.

ताई


१५ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्रासोबत खोकं आहे. आधी पत्र वाच.

तीन कार्डं पाहिली. पहिलं जुनं वापरलेलं होतं, स्वस्त आणि दणकट. विकणाऱ्याने ते कॉम्प्युटरवर बिटकॉइनसारखी नाणी खोदण्यासाठी अष्टौप्रहर जुंपलेलं होतं. पंखा बोटाने फिरवला तर दातात खडा आल्यासारखा आवाज आला. ते तिथेच ठेवलं. दुसरं दोन पंख्यांचं, नऊ इंची, दुप्पट मेमरीचं. माझा जीव त्याच्यावर होता. पण तुझ्या मापात ते बसत नाही, पुढे पिंजऱ्याला टेकतं. काय करणार, बुटकी कॅबिनेट. म्हणून तिसरं पाठवतो आहे. मागच्या पिढीतलं पण कोरं, एका पंख्याचं, पावणेसात इंची. त्याला वेगळी वायरसुद्धा लागत नाही.

याची मेमरी बेताची आहे. चकाकी, आरशासारखी प्रतिबिंबं, झाडाच्या पानापानावरचं ऊन, असले लाड ते पुरवणार नाही. मागितलेस तर बसकण मारेल. साध्या चित्राला मात्र पाण्यासारखं वाहील. 

बसवताना आधी कॅबिनेटच्या पत्र्याला हात लाव, मग कार्डाला. खाचेत सरळ दाब, टक् असा आवाज येईपर्यंत. स्क्रू बशीत ठेव, खिशात नको. पडद्याची वायर कार्डाला लाव. अर्धं जग ती जुन्याच भोकात घालतं आणि मग मला फोन करतं.

साहेबांविषयी मला काही माहीत नाही आणि मी काही विचारत नाही. शुक्रवारी चित्र दाखव, एवढंच म्हणतो. लोभ खोक्यात थर्माकोलच्या खाली ठेवला आहे.

तुझा,
मामा


२० फेब्रुवारी

ती. मामास,
सा. न. वि. वि.

आईने तुला साहेबांचं लिहिलं हे तुझ्या ‘मला काही माहीत नाही’वरून कळलं. असो.

कार्ड टक् झालं. पडदा उजळला. इतकं इवलंसं आहे की पुढे माझी अख्खी मूठ मावेल एवढी जागा उरली. घालून पाहिली, मावते.

पण मामा, तू म्हणालास तसंच झालं. फरशीला चकाकी दिली आणि मशीन मटकन बसलं. पुन्हा दिली, पुन्हा बसलं. शेवटी सगळी चकाकी काढली. खिडकीबाहेरची बागही काढली. आता राखाडी फरशी, पांढऱ्या भिंती, लाकडी कठडे आणि पलंग. फिरतं मात्र झरझर. जुन्या ऑफिसची चित्रं कशी असतात ते मला ठाऊक आहे, ती मीच तर करत होते. फरशीत आभाळ दिसतं. त्यांच्यापुढे माझं म्हणजे नटूनथटून आलेल्यांत घरच्या कपड्यातलं कुणीतरी. साहेबांना शुक्रवारनंतर कळवते म्हटलंय. माघार घेतलेली नाही, पण पाय मागे ओढतायत.

पाठीवर हात असू दे.

तुझी,
मिरी


२३ फेब्रुवारी

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रातल्या मुठीपाशी मी थांबलो तो पुढे जाता येईना.

मी जागा धरली होती साडेआठ इंच. त्यात पावणेसातचं कार्ड बसवलं तर पावणेदोन इंच उरायला हवेत. त्यात तुझी मूठ मावत नाही. तुझी मूठ मला माहीत आहे, तुझ्या लहानपणी पाठीत भरपूर खाल्ली आहे. मग एकदम लख्ख प्रकाश पडला. टेपची कड झिजली म्हणून अप्पांनी पहिला इंच कापून टाकला. तेव्हापासून आपल्या घरात जो तो एकपासून मोजतो आणि एक वजा करतो. तू टेपवर साडेदहा पाहिलेस, एक वजा केलास आणि साडेनऊ लिहिलेस. मी ‘अप्पांचा टेप’ वाचलं आणि सवयीने आणखी एक वजा केला. जगात दुसऱ्या कुणी असा टेप वापरला नसता आणि दुसऱ्या कुणी ही चूकही केली नसती.

म्हणजे नऊ इंची कार्ड बसत होतं. अर्धा इंच राखून बसत होतं. ‘अंदाजे नको, मोज’ असं मीच लिहिलं होतं. चूक माझी आहे, थोडी घराण्याची आहे. तुझी अजिबात नाही.

ते दोन पंख्यांचं कार्ड घेतलं आणि सोबत पाठवलं आहे. शुक्रवारच्या आधी पोचेल. कोपऱ्यात बांधलेली वायर त्याला लागेल. बसवलंस तर फरशीत आभाळ दिसेल. बसवायचं की नाही ते मी सांगणार नाही. तिथे ती आजी-आजोबा मंडळी तू पाहिली आहेस, मी नाही. ताईला म्हणावं, या खेपेला आवाज लहान ठेवला आहे.

आहे तेवढा सगळा लोभ धाडला आहे.

तुझा,
मामा


२ मार्च

ती. मामास,
सा. न. वि. वि.

खोकं वेळेवर आलं. टेबलावर ठेवलं, चिकटपट्टीवर नख लावलं आणि थांबले. ते बसवलं असतं तर राहिलेला सगळा वेळ फरशी घासण्यात गेला असता, हे मला माझंच माहीत आहे. म्हणून त्या वेळात न्हाणीघराकडची वाट तपासली.

शुक्रवारी आधी जुन्या ऑफिसची पाळी होती. चित्र सुरू झालं आणि सगळा हॉल गप्प झाला. फरशीत खिडक्या, खिडक्यांत ढग. मी मनातल्या मनात पर्स उचलली. तेवढ्यात पूर्वी बस चालवणारे एक आजोबा साहेबांना म्हणाले की पाणी कुणी सांडलंय, पुसून घ्या आधी. साहेबांनी हसून सांगितलं की ते पाणी नाही, चकाकी आहे. त्यावर वॉकर घेऊन चालणाऱ्या एक आजी म्हणाल्या की असेल, पण आपण त्यावर पाय ठेवणार नाही. चित्रातल्या फरशीला घाबरून त्यांनी खुर्चीचा हात धरला होता, मामा.

मग मी. राखाडी फरशी, घरचे कपडे. त्याच आजींनी मला मध्येच थांबवून मागे जायला लावलं. न्हाणीघराच्या वळणावर कठडा संपतो आणि दार एक पाऊल पुढे आहे, त्या एका पावलाला काय धरायचं, असं विचारलं. एवढं तपासूनही मला ते दिसलं नव्हतं. तिथेच सगळ्यांसमोर कठडा ओढून दारापर्यंत नेला. तुझ्या इवल्याशा कार्डाने हूं की चूं केलं नाही. चित्र हलकं होतं ना. साहेबांकडे तयार फिल्म होती, ती सुंदर होती, पण ती थांबत नव्हती. मग काय, बटण खाली घ्या, पलंग खिडकीकडे वळवा, आरशात बसून दिसलं पाहिजे, एकेकजण उठून सांगायला लागला. बसवाले आजोबा तर माझ्या शेजारी येऊन बसले आणि डावीकडे, उजवीकडे करत राहिले.

काम मला मिळालं.

यात कार्डाचा मोठेपणा नाही, हे तुझ्याआधी मीच सांगते. मोठं कार्ड हाताशी असतं तर मीही फरशीत आभाळच दाखवलं असतं. ऑफिसात इतकी वर्षं मी दाखवत आले आणि कोण त्यावरून चालणार हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. त्याच संध्याकाळी साहेबांना नाही म्हणून कळवलं. ते म्हणाले, कठड्याचं छान केलंत. मग थोडं रडले, साहेब नव्हे, मी.

दोन पंखेवालं न उघडता परत पाठवते आहे. आईने पडदे लावले. मी बघत बसले तर म्हणाली, बघतेस काय, टोक धर.

माया अशीच राहू दे.

तुझी,
मिरी


१४ जून

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

नवी मॉडेलं आली. परवा बाजारात जाऊन हातात घेऊन पाहिली. वजनाला विटेएवढी आहेत आणि खरंच उत्तम आहेत, खोटं कशाला लिहू. दुकानात रांग होती. रांगेतला एकजण दुसऱ्याला सांगत होता की थोडं थांबावं, पुढच्या वर्षीची याहून चांगली असणार. मी काही बोललो नाही. ताईला सांग, खरंच बोललो नाही.

दालनाचं काम कठड्यापर्यंत आलं असं तू फोनवर म्हणालीस. आता नवं घ्यायचं की तात्पुरतंच चालू ठेवायचं ते तुझं तू ठरव. घाईही नको आणि वाट पाहणंही नको. तुझं परत आलेलं खोकं मी दुकानात देणार होतो. दिलं नाही. माझ्याच मशीनमध्ये बसवलं. आधी लोखंडी पट्टीने मोजलं, मग अप्पांच्या आठवणीने एकदा एकपासून मोजलं, दोन्ही जुळल्यावरच स्क्रू हातात घेतला.

तो टेप टाकू नकोस. फक्त यापुढे माप पाठवशील तेव्हा खाली ‘वजा केलं आहे’ असं लिहीत जा, म्हणजे मला कळेल.

लोभ पाठवतो आहे. मोजून पाठवला आहे, त्यातून काही वजा केलेलं नाही. तूही करू नकोस.

तुझा,
मामा