खडकामागची फेरी

कराटू, रविवार दुपार

प्रिय झबलोन,

पाकिटावर माझं अक्षर बघून आधी तू पोटभर हसशील. लुकेलो आणि पत्र! ज्याला फोनवर चार शब्दांचा निरोप टाइप करायचा कंटाळा, तो कागद-पेन घेऊन बसलाय. पण फोनवर तू मला बोलूच देणार नाहीस. मी तोंड उघडलं की म्हणशील, 'सोड रे, नाएमीच्या आईनं कोंबडी शिजवलीय, ये जेवायला.' मग मी येईन, जेवीन, दात कोरत परत जाईन. सहा वर्षं हेच चाललंय. म्हणून कागद. आमची एक गाडी आज अरुशाला परततेय, तिच्याबरोबर पाठवतो. शेवटपर्यंत वाच, मध्येच फाडू नकोस.

पहिलं सांगून टाकतो. मी घाबरलोय. थोडाथोडका नाही, चांगलाच घाबरलोय. बावीस वर्षं सिंहांच्या शेजारी गाडी उभी करून भाकरी खाणारा माणूस मी, आणि गेले काही दिवस घास घशाखाली उतरत नाही. सकाळी गाडी चालू करताना दोनदा किल्ली खालीच पडली. कुणाला सांगायची सोय नाही, कारण घाबरलेल्या माणसाच्या हातात पाहुणे कोण देईल? घरी पोरीची शेवटची दोन वर्षं राहिलीत कॉलेजची. काम गेलं तर काय करू, मलाच माहीत नाही.

झालं असं. या वेळी फक्त तीन पाहुणे, त्यांची स्वतःची सफर. हॉलंडची एक म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. सात दिवस, चार अरण्यं, आणि सगळं आजीच्या मर्जीनं. ऑफिसात मरियामुबाईंनी कार्यक्रमाचा कागद हातात ठेवला. तारांगिरे, मन्यारा, एन्गोरोन्गोरो, सगळं नेहमीचं. पाचव्या दिवसापुढे, चौथ्या अरण्यात, लिहिलं होतं, दुपारचं जेवण त्या खडकापाशी. कुठला खडक ते तुला सांगायला नको. एकतीस वर्षांपूर्वी आजी आणि तिचा नवरा तिथे जेवले होते. नवरा आता नाही. तिच्या पर्समध्ये त्या जेवणाचा फोटो आहे. मी बाईंना म्हटलं, ही सफर दुसऱ्या कुणाला द्या, माझी पाठ धरलीय. बाई म्हणाल्या, 'पाठ माझीही धरलीय लुकेलो, मी बसते का घरी? आजींना जुना माणूस हवाय, आणि जुने आता तुम्हीच.' मी कागद घेतला. मी सहा वर्षांत त्या खडकाकडे एकदाही गेलो नव्हतो. पाहुण्यांनी विचारलं तर सांगायचो, तिथे माश्या फार चावतात. झाडाची चांगली सावली दुसरीकडे आहे. रस्ता वाहून गेलाय. बहाणे करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

तिथे काय झालं ते मी तुला काय सांगायचं? तरी लिहितो, कारण माझ्या हातानं ते एकदा तरी लिहिलं गेलं पाहिजे. दोन गाड्या होत्या, पुढे माझी, मागे तुझी. मी दक्षिणेकडून नुकताच आलेला, उत्तरेचे सगळे रस्ते तूच दाखवलेले. आपला नियम असा, की खडकापाशी जो आधी पोचेल त्यानं फेरी मारून चारी बाजू बघायच्या, मगच कुणी पाय खाली टाकायचा. तू रेडिओवर विचारलंस, 'लुकेलो, साफ आहे का? माझ्या पाहुण्यांना कडकडून भूक लागलीय.' मी म्हटलं, सगळीकडून बघितलं, साफ आहे. आणि मी पुढे निघून गेलो, कारण पुढच्या ओढ्यावर बिबट्या दिसतोय असं कळलं होतं आणि माझे पाहुणे उतावीळ झाले होते. तू मेज मांडायला सगळ्यांच्या आधी उतरलास. खडकामागच्या घळीत सिंहीण होती, पिल्लांसकट. पाहुणी बाई तुझ्यामागोमाग उतरली होती, तिला तू उजव्या हातानं गाडीत ढकललंस. डावा हात सिंहिणीकडे राहिला.

चौकशीत तुला विचारलं, फेरी का मारली नाही? तू म्हणालास, चूक माझी. माझं नाव नाही, रेडिओचं नाव नाही. परवाना गेला. ड्रायव्हरांना तेवढंच पुरलं. आता कुणी पोरगा आळस करायला लागला की म्हणतात, 'काय रे, झबलोनची फेरी मारून आलास का?' तुझ्या कानावर आलं असेलच. न येऊन जातंय कुठे! मीही हसतो त्यावर. दोनदा तर मीच म्हटलंय, झबलोन. तुझ्या घरचा चहा पोटात असताना म्हटलंय.

असो. सफर सुरू झाली. तारांगिरेत पहिल्याच दिवशी एक हत्तीण कान फडकवत दोन पावलं पुढे आली. नुसती दोन पावलं. तू असतास तर तिला 'माय, जा आपल्या वाटेनं' म्हणून हसला असतास. मी गाडी मागे घेताना बंद पाडली. आजी माझ्या शेजारीच बसते, तिला पुढूनच बघायचं असतं. म्हणाली, 'लुकेलो, तुझे हात का थरथरतायत?' मी म्हटलं, रस्ता खराब आहे. ती म्हणाली, 'गाडी उभी आहे.' म्हातारीला सगळं दिसतं.

मन्यारात एक वानर बॉनेटवर उडी मारून बसलं तर मी ओरडलो. शेजारच्या गाडीतला ओम्बेनी, तो मोशीचा तोंडाळ पोरगा, काच खाली करून म्हणतो, 'काका, वानरानं लायसन्स मागितलं का?' सगळी रांग हसली, माझे पाहुणेही हसले, मीही हसलो. पण मला वानराची भीती नव्हतीच. दिवस मोजत होतो मी. तिसऱ्या दिवशी एन्गोरोन्गोरोच्या विवरात उतरलो, तळ्याकाठी सगळ्या गाड्या जेवायला थांबल्या. ओम्बेनीनं विचारलं, परवा कुठे? मी खडकाचं नाव घेतलं. एकानं टोमणा मारलाच, 'मग काका, झबलोनची फेरी नका मारू हं!' चहा माझ्या नाकात गेला. आजी माझ्या पाठीवर थापट्या मारत होती आणि मला ब्रह्मांड आठवत होतं.

पाचवा दिवस. अकराच्या सुमाराला तो खडक दिसला आणि मला वाटलं गाडी इथूनच वळवावी, आजीला सांगावं इंजिन तापलंय. पण तिनं फोटो काढून मांडीवर ठेवला होता. खडकाच्या तीन बाजूंनी रस्ता आहे, तेवढा फिरलो. काही नव्हतं. पुन्हा फिरलो. तिसऱ्यांदा फिरलो तेव्हा मुलगा मागून म्हणाला, 'आपण रस्ता चुकलोय का?' चौथी बाजू राहिली होती, मागची. सहा वर्षांपूर्वी मी 'सगळीकडून बघितलं' म्हणालो, तेव्हा ही बाजू मी बघितली नव्हती. हे बघ, लिहिलं. बघितली नव्हती, झबलोन. मी पुढून गाडी नेली, डावीकडे मान वळवली आणि बटण दाबून तुला साफ म्हणालो. इतकी वर्षं मी मनाला समजावत आलो, की बघितली असती तरी काय, जनावर नंतरही आलं असतं. तू स्वतःच दवाखान्यात तसं म्हणाला होतास ना! त्या तुझ्या एका वाक्यावर मी सहा वर्षं झोपलोय.

तर ती मागची बाजू बघायला मी गाडी खडकाला लागून पुढे नेली आणि ब्रेकवर उभाच राहिलो. तिथे रस्ता नाही. सरळ कडा आहे, दोन पुरुष खोल घळ. गाडीच काय, शेळीसुद्धा तिथून उतरणार नाही. मागची बाजू बघायची तर परत फिरून, खाली उथळ पाण्यातून घळीच्या पलीकडच्या काठावर जाऊन बघावं लागतं, वीस मिनिटं मोडतात. आणि तिथे बसल्याबसल्या मला तुझा दवाखान्यातला प्रश्न आठवला. हाताला एवढी मोठी पट्टी, ओठ सुकलेले, आणि तू मला विचारलं होतंस, 'लुकेलो, मागे बघायला उतरलास कुठून?' मी फटकन म्हटलं होतं, खडकाला लागूनच, घळ कोरडी होती, गाडी आरामात गेली. तू थोडा वेळ छताकडे बघत राहिलास. मग म्हणालास, 'मग नंतर आलं असेल रे जनावर. मनाला लावून घेऊ नकोस.'

तुला माहीत होतं. त्याच मिनिटाला कळलं होतं तुला. तो सगळा मुलूख तुझ्या तळहातावरचा, तुला तो कडा माहीत नसेल? तुझा हात गेला होता, परवाना जायचा होता, समोर मी खोटं बोलत उभा होतो, आणि तू मला म्हणालास मनाला लावून घेऊ नकोस. मग चौकशीत चूक माझी म्हणालास. मग सहा वर्षं मला कोंबडी खाऊ घातलीस. अरे, एकदा कानाखाली वाजवली असतीस तर मी सुटलो असतो! मी स्टिअरिंगवर डोकं ठेवलं. मुलगा काहीतरी बोलायला गेला तर आजीनं त्याला गप्प केलं.

मी परत फिरलो, पाण्यातून गेलो, पलीकडच्या काठावरून दुर्बिणीनं घळीतला एकेक दगड बघितला. पंचवीस मिनिटं लागली. घळ रिकामी होती. तेवढ्यात मागून ओम्बेनीची गाडी येत होती. रेडिओवर त्याचा आवाज आला, 'लुकेलोकाका, खडक साफ आहे का? पाहुण्यांना भूक लागलीय.' तेच शब्द, झबलोन. मी बटण दाबलं. तेव्हा आपल्या दोघांचीच वाहिनी होती, आता सगळ्या गाड्या एकाच वाहिनीवर असतात, ते मला माहीत होतं. म्हटलं, साफ आहे, पलीकडून बघितलंय. आणि म्हटलं, सहा वर्षांपूर्वी झबलोनला मीच साफ आहे म्हणालो होतो, तेव्हा बघितलं नव्हतं. फेरी त्यानं चुकवली नाही, मी चुकवली. यापुढे कुणी हसायचं असेल तर माझ्या नावानं हसा. बटण सोडलं. एरवी क्षणभर गप्प न बसणाऱ्या त्या रेडिओवर नुसती खरखर. बऱ्याच वेळानं ओम्बेनी म्हणाला, 'ऐकलं, काका.'

आजी उतरली, खडकाला पाठ लावून बसली, फोटो शेजारी ठेवून जेवली. मी गाडीतून उतरू शकलो नाही. घळ रिकामी आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलो होतो, तरी पाय खाली टाकवेना. दुर्बीण डोळ्यांना लावून बसून राहिलो. तिनं माझं जेवण खिडकीतून आत दिलं आणि म्हणाली, 'तू बघत राहा, मी खाते.' संध्याकाळच्या आत मरियामुबाईंचा फोन आला. काल इथे कराटूत गाडी माझ्याकडून काढून घेतली. राहिलेली सफर ओम्बेनी पुरी करतोय.

आता हे कशासाठी लिहिलं ते सांगतो. सोमवारी ऑफिसात चौकशी पुन्हा उघडणार आहेत आणि तुला बोलावतील. विचारतील, लुकेलोनं रेडिओवर साफ सांगितलं होतं का? मी तुला ओळखतो. तू आपला तो साळसूद चेहरा करून म्हणशील, 'फार दिवस झाले साहेब, आठवत नाही. लुकेलो हळवा माणूस आहे, उगीच मनाला लावून घेतो.' मग ते मला गाडी परत देतील, पोरीची फी भरली जाईल आणि तू तसाच राहशील, फेरी चुकवणारा झबलोन म्हणून. तसं करू नकोस, भावा. तुझ्या पाया पडतो. 'मला आठवतंय' असं म्हण. काम जाण्याची भीती वाटते, पोरीला काय तोंड दाखवू याची वाटते, तुझ्या बायकोसमोर, नाएमीच्या आईसमोर उभं राहायची तर सिंहिणीपेक्षा जास्त वाटते. पण सगळ्यात मोठी भीती वेगळीच आहे. तू मला पुन्हा वाचवायला गेलास, तर मी गप्प बसून वाचेन. मी स्वतःला ओळखतो.

तुझाच,
लुकेलो