नानांच्या डोळ्यांतल्या बाहुल्या

नाना, तुम्ही अफू सोडलीत त्या उन्हाळ्यात तुमचे डोळे रोज तपासायचं काम माझ्याकडे होतं. आईला जवळचं दिसत नसे, म्हणून. डॉक्टरांनी तिला बजावलं होतं, "यांचा दमा आणि अफू एकत्र नांदणार नाहीत, झोपेत श्वास थांबेल. आणि यांच्या बोलण्यावर जाऊ नका. अंधाऱ्या खोलीत सगळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, अफू घेतलेल्याच्या मोहरीएवढ्याच राहतात." तुम्हाला मात्र यावलच्या गिऱ्हाइकांशी अहिराणी बोलून बोलून सवय झालेली, आईलाही तसंच ऐकवायचात, "बठ्ठं बेस शे!", म्हणजे सगळं छान आहे. मग मी तुम्हाला धान्याच्या अंधाऱ्या खोलीत न्यायची, हनुवटी वर करायची. सुरुवातीला अफू तुटल्यानं जांभया थांबत नव्हत्या, नाक गळत होतं आणि बाहुल्या एवढ्या मोठ्या झालेल्या, की दार उघडलं तरी तुम्ही वैतागायचात. "फौजदारीणबाई, उजेड अडवा!" आम्ही दोघी पोट धरून हसायचो.

पावसाळा सरला आणि धुळ्याचे पाहुणे माझी सोयरीक पक्की करायला आले. आपल्या मारवाडी रिवाजात व्याह्यांनी तळहातावर अमल धरायचा, म्हणजे पाण्यात घोळलेली अफू, आणि समोरच्यानं ती प्यायची, तेव्हा नातं जुळलं. नको म्हणणं म्हणजे पाहुण्याचा अपमान. आम्ही बायका चुलीपाशी लापशी ढवळत होतो, बैठकीचं दार लोटलेलं. मुलाच्या आजोबांचा आवाज चढला, "आमच्या हातचा अमल परत फिरवता, शेठजी?" पुढचं काही ऐकू आलं नाही. थोड्या वेळानं पाहुणे न जेवताच निघून गेले. तरी आईला भरवसा नव्हता. तिनं मला तुमच्याकडे ढकललं, "बघ आधी." धान्याच्या खोलीत मी तुमची हनुवटी उचलली. काळ्याभोर, मोठ्या बाहुल्या, आणि डोळे पाण्यानं भरलेले. "नाही घेतला," तुम्ही म्हणालात, "पण तुझं मोडलं गं, बाई." मी मान खाली घातली. आई लापशीसमोर बसून रडली.

पुढे लग्न होऊन मी बोदवडला पडले, सुखात पडले. माझ्या मुलांना तुम्ही मेहरूणच्या तळ्यावर फिरवलंत, त्यांचे नको तेवढे लाड केलेत. तरी दर दिवाळीला माझ्यासमोर अपराध्यासारखे बसायचात, आणि मला नेमके शब्द सुचायचे नाहीत. आता तुम्ही नाही, हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून आज लिहिते. धुळ्याचा तो मुलगा मला थोडा आवडलाही होता. पण त्या खोलीत मी मान खाली घातली ती हसू लपवायला. नाना, तुम्ही जगणार होतात.